म्हातारचळ

विठ्ठलवाडीपासून बदलापुरापर्यंत कोणत्याही घरांत म्हातारें माणूस वेळाकाळाचें भान विसरूं लागलें, कीं घरची मंडळी एकच शब्द उच्चारते : म्हातारचळ. या शब्दाशीं आमचें भांडण आहे. चळ म्हटला म्हणजे तो स्वभावाचा दोष ठरतो, आणि दोषावर रागावण्याचा हक्क घरच्यांस आपोआप मिळतो.

उल्हासनगरास आमच्या शेजारीं एक सिंधी आजी राहत. फाळणीनंतर लहानपणीं त्या कल्याण कँपांत आलेल्या. शेवटच्या वर्षांत रोज तिन्हीसांजेला गांठोडें बांधून त्या शिकारपूरची गाडी किती वाजतां, असें विचारीत. "अम्मा, तुम्ही मुद्दाम करतां!" असें सून एकदां थकून ओरडली. तें मुद्दाम नव्हतें, एवढें सांगण्यापुरतें रसायन आज आपणांस ठाऊक आहे.

मज्जापेशीच्या लांब तंतूंत सूक्ष्म नळ्या असतात व त्यांवरून पेशीचा माल ये-जा करतो. आमच्या कर्जत मार्गावर स्लीपर जसे रूळ धरून ठेवतात, तसें टाऊ नांवाचें प्रथिन या नळ्या सांवरतें. त्याच्या सर्वांत लांब रूपांत ४४१ अमिनो आम्लें असून सुमारें ८५ जागीं फॉस्फेट चिकटूं शकतें. (फॉस्फरस आमच्या भागास परका नाहीं, अंबरनाथच्या विमको कारखान्यांत एकेकाळीं आगपेट्या होत, आणि काडी ज्या पट्टीवर घासतात तींत तो असतो.) फॉस्फेटावर ऋण भार असतो, नळीचा पृष्ठभागही ऋणच, आणि टाऊ तिला आपल्या धन भागानें धरतें. निरोगी मेंदूंत एका टाऊवर सरासरीनें दोन-तीन फॉस्फेटें असतात. रोगांत तीं तिप्पट-चौपट होतात आणि पकड सुटते.

टाऊला एरव्हीं ठराविक घडी नसते. तें मोकळ्या दोऱ्यासारखें असतें. रोगांत हे सुटे दोरे एकावर एक रचले जाऊन पिळाचे तंतू होतात. १९०६ सालीं आलोइस अल्झायमर यांनीं मृत रुग्णेच्या मेंदूंत पाहिलेले गुंते ते हेच. २०१७ सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं त्यांचा गाभा उलगडला. त्यांत प्रत्येक रेणू 'सी' अक्षरासारखा वळलेला दिसला.

मात्र सगळें खापर फॉस्फेटावर फोडणें आम्हांस पटत नाहीं. प्रयोगशाळेंत हेपारिन घातलें तर फॉस्फेटावांचूनही टाऊचे तंतू होतात, जरी त्यांची घडी रुग्णाच्या तंतूंहून निराळी असते. गर्भाच्या मेंदूंतही टाऊ फॉस्फेटानें लादलेलें असतें. शीतनिद्रेंतल्या जमिनीवरील खारीच्या मेंदूंतही तसेंच. पण ती जागी झाली कीं तें ओझें उतरतें. उतरविणारीं विकरें तिच्यापाशीं काम करतात. रुग्णांच्या मेंदूंत अशा एका प्रमुख विकराचें काम मंदावलेलें आढळलें आहे. तेव्हां भार चढणें हें नित्याचें. घात होतो तो न उतरण्यानें, असें आम्हांस वाटतें.

रोगाची गति मंदावणारीं जीं नवीं औषधें अलीकडे मान्य झालीं, तीं अमायलॉइड या दुसऱ्याच प्रथिनावर चालतात. टाऊवरचें औषध अजून दवाखान्यांत यावयाचें आहे.