शिवेवरचा वीर

शिक्षकाच्या नोकरीच्या काळात सुटीच्या दिवशी शाळेच्या मुलांना सायकलीवर बाहेर काढणं हा माझा नेम होता. कयाधू नदीच्या काठाकाठाने नर्सी नामदेव, थंडीत औंढा नागनाथ, कधी पूर्णेवरचं सिद्धेश्वर धरण. औंढ्याला देवळामागचा नंदी पाहून तो मागे का, असं मुलं हमखास विचारत आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची कथा तिथेच सांगता येई. नर्सीत १२७० साली जन्मलेल्या नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे ऐकलं की मुलांना आपल्या नदीचा अभिमान वाटे. त्या अभिमानासाठीच मी हे करत होतो. त्याच उत्साहात माझ्या हातून एक नुकसान झालं आणि ते भरून येणारं नाही.

कयाधूकाठच्या एका गावाच्या शिवेवर बाभळीखाली एक वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, उभा होता. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत वीराचं मरण कोरलेलं असतं. कुठे लढाई, कुठे गाई पळवून नेणाऱ्यांशी झुंज. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करत असतो. माथ्यावर चंद्रसूर्य असतात, ते आहेत तोवर याची कीर्ती राहील असं सांगणारे. या दगडाच्या वरच्या चौकटी वाचता येत होत्या. खालची मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाशेंदराखाली बुजली होती. हा वीर कशासाठी मेला, ते मला मुलांना दाखवायचं होतं.

आम्ही तारेचे ब्रश, छिन्नी आणि पाण्याच्या घागरी घेऊन गेलो. शेजारच्या शेतात निंदणाऱ्या एका आजी बांधावर येऊन म्हणाल्या, "मास्तर, देवाचं अंग खरवडू नका. आमच्या सासऱ्याच्या सासऱ्यानं लावलेला शेंदूर हाय त्यो." मी त्यांना समजावलं की खाली फार सुंदर काम आहे, ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. त्या काही न बोलता निंदायला परत गेल्या. त्यांची संमती मिळाली, असं मी धरून चाललो.

शेंदराचं कवच छिन्नीने उचकटलं तेव्हा ते एका तुकड्यात निघालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी ते उलटून पाहिलं. आतल्या बाजूला दगडाची राखाडी पापडी चिकटून आली होती आणि तिच्यावर कोरीव रेषा होत्या. तिथेच थांबायला हवं होतं. मी उरलेला भाग तारेच्या ब्रशने घासून काढला, कारण मुलं बघत होती आणि चूक झाली असं त्यांच्यासमोर म्हणण्याची माझी तयारी नव्हती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दगड उपटून ट्रॅक्टरने डांबरी रस्त्याच्या कडेला आणला, सिमेंटच्या ओट्यावर बसवला आणि वरच्या चौकटींना ऑइलपेंट दिला. सहलीच्या मुलांना चिखलातून जावं लागू नये, हा हेतू होता. दोन-तीन पावसाळ्यांत रंगाखाली ओल धरली आणि रंगाबरोबर वरच्या आकृतींचे पापुद्रेही सुटले.

पुढे पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना मी तो दगड दाखवला. बेसॉल्ट कितीही कठीण असला तरी शतकांच्या उन्हापावसाने त्याचं वरचं कातडं मऊ होतं आणि सगळं कोरीवकाम त्या कातड्यातच असतं, हे त्यांच्याकडून कळलं. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या जागेचा फोटो आहे? दगडाचं तोंड कुठल्या दिशेला होतं?" फोटो नव्हता. दिशा मला आठवली नाही.

गावाने त्या रस्त्याकडेच्या दगडाला कधी नारळ फोडला नाही. पोळ्याला बैल अजूनही बाभळीखालच्या मोकळ्या जागेवर नेतात. देव तिथला, शिवेवरचा. मी हलवला तो त्यांच्या लेखी नुसता धोंडा.

नंतर मी त्या गावात जाऊन बसू लागलो. म्हाताऱ्या माणसांना त्या वीराबद्दल विचारलं. हे आधी करायला हवं होतं. एका घरात सांगतात, तो गाई सोडवताना पडला. दुसऱ्या घरात सांगतात, शिवेच्या भांडणात गेला. दोन्ही हकिकती मी वहीत उतरवल्या आहेत. त्यांचा निवाडा खालच्या चौकटीने केला असता.

आता मुलांबरोबर जातो तेव्हा आमच्याकडे वही, मोजपट्टी आणि कॅमेरा असतो. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप दगडावर आडवी पडली की न घासताही पुष्कळ रेषा उठून दिसतात. शेंदराखाली काय आहे असं मुलं विचारतात, तेव्हा ते उघडून पाहणं मी माझ्या वाट्याचं मानत नाही. दगड ज्या शेतात असेल त्या घरी आधी जातो, आणि कोणी नको म्हटलं तर लांबूनच नोंद करून परततो.