अंगणात आधी तू ये

नागभीड,
रविवार

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात तीन गोष्टी सांगितल्यास. चिंटूला लांबचा चष्मा लागला. दिवाळीत त्याला इकडे आणणार नाहीस, कारण इकडे वाघ आहे. आणि तिसरी, 'मोठी आई, बाहेर खेळून असं काय मिळतं गं लेकरांना, की तू एवढी मागे लागतेस?' मी तोंड उघडते तोवर तुझा दुसरा फोन वाजला. म्हणून हे पत्र. याच्या मधे तरी दुसरा फोन येणार नाही.

चष्म्यापासून सुरू करते. पाच वर्षांच्या लेकराच्या नाकावर काच बसली हे ऐकून माझा घास घशातच अडकला. आपल्या घरात चाळिशीच्या आत कोणाला चष्मा नव्हता. लांबचं न दिसणं म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा जास्त लांबणं. लहानपणी डोळा वाढतच असतो आणि ती वाढ बेतात राहायला त्याला भरपूर उजेड लागतो. उजेडाने डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य पाझरतं आणि ते या लांबण्याला आवर घालतं, असं शास्त्रज्ञ मानतात. आता तुझ्या हॉलमधल्या ट्यूबलाइटचा उजेड मोजला तर दोन-चारशे लक्स भरेल. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजार असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो. चीनमध्ये ग्वांगझूच्या बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर याचा प्रयोग झाला, निकाल २०१५ साली छापून आला. सहा शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला, बाकी सहा शाळा होत्या तशाच चालल्या. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्यांत शंभरातल्या तीस जणांना नंबर लागला होता, न जाणाऱ्यांत जवळजवळ चाळीस जणांना. नुसत्या चाळीस मिनिटांनी एवढा फरक! तैवानने तर २०१० पासून शाळांना सांगून टाकलं, पोरांना रोज दोन तास बाहेर काढा.

पण लागलेला नंबर याने उतरत नाही हो. नाहीतर उद्यापासून चष्मा कपाटात ठेवून देशील. हळदीचं दूध सुरू केलं की डॉक्टरची गोळी बंद करायची, ही तुझी जुनी खोड. चष्मा राहू दे, दोरी लावून घे, आणि चष्म्यासकट त्याला बाहेर काढ.

काढणार कुठे म्हणतेस, तेही मला दिसतं. तुमच्या चंद्रपुरातल्या तुकूमच्या बिल्डिंगखाली गाड्या लागलेल्या, उरलेल्या जागेत पाण्याची टाकी. मागच्या उन्हाळ्यात मी आले होते तेव्हा चिंटू गॅलरीच्या गजांना धरून उभा होता आणि खालच्या कुत्र्याशी वरूनच गप्पा मारत होता. संध्याकाळी तू त्याला 'अॅक्टिव्हिटी'ला नेलंस. एसी लावलेल्या खोलीत प्लास्टिकचे रंगीत गोळे, घसरगुंडी आणि तासाचे पैसे! परत आल्यावर इंग्रजी अक्षरं गिरवायची, ती वाकडी आली म्हणून तुझी चिडचिड. अगं बह्याडे, आधी खांदा बळकट होतो, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटं. फांदीला लोंबकळलं, बादली उचलली, चिखल थापला की पेन्सिल धरायचं बळ आपोआप येतं. अंगणवाड्या तपासत हिंडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आंब्यावर चढणाऱ्या पोट्ट्याचा हात पाटीवर अडला, असं मी तरी पाहिलं नाही.

आणि तू कशी वाढलीस ते आठव जरा. धान मळून झालं की तनशीच्या ढिगावरून घसरत घसरत तुम्ही सगळ्या फ्रॉकची वाट लावायच्या. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत आख्ख्या गावातून फिरायच्या आणि बोजारा कोणाला जास्त मिळाला यावरून मारामाऱ्या. डाबडुबलीत तुझ्यावर सारखा डाव यायचा, कारण तू झाडावरून उतरायला भ्यायचीस. मग एका उन्हाळ्यात भ्यायची थांबलीस. ते तुला कोणी शिकवलं नाही. कोणती फांदी पेलेल आणि कोणती कडकन मोडेल, हे पायाच्या तळव्याने ओळखायला तूच शिकलीस. बोडीवरचं ते प्रकरण मी आज काढत नाही. तुझ्या आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही, एवढं पुरे.

चिंटूला हे कुठून यायचं? मॉलमधली घसरगुंडी रोज तेवढ्याच उंचीची आणि तेवढीच मऊ. तिच्यावर पडायची भीती नाही, म्हणून अंदाज बांधायचंही कारण नाही. बाहेर दोन दगड सारखे नसतात. लिंगोरच्याचा चेंडू लागला की नाही यावर भांडण होतं, तेव्हा तिथे ताई नसते, पंच नसतो. पोरं आपसात मिटवतात, नाही मिटलं तर खेळ मोडतो. मोडलेला खेळ पुन्हा मांडायचा तर कोणालातरी पड खावी लागते. पाच वर्षांच्या लेकराने पड खायला शिकणं ही माझ्या मते एबीसीडीपेक्षा मोठी विद्या आहे, आणि तुमच्या त्या शाळेने मैदानाच्या जागेवर पार्किंग करून तीच बंद केली.

मातीचं म्हणशील तर मला तुझा तो किळस आलेला चेहरा दिसतो. पोळ्याला आलीस तेव्हा चिंटूने बांधावर चिखलात हात घातला, तर तू त्याला असं ओढलंस जणू विंचवाने नांगी उगारली होती. फिनलंडमध्ये काय केलं ऐक. काही पाळणाघरांच्या सिमेंटच्या आणि रेतीच्या आवारात जंगलातली जमीन शेवाळ-झुडपांसकट आणून अंथरली आणि तीन ते पाच वर्षांच्या लेकरांना तिथे खेळू दिलं. अठ्ठावीस दिवसांत त्यांच्या कातडीवरच्या सूक्ष्म जिवांची विविधता वाढली आणि रोगाशी लढणाऱ्या यंत्रणेची काही मापं सुधारली. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. त्यांना जंगल ट्रकने आणावं लागलं. आपल्याकडे ते घरामागच्या सांदवाडीच्या कुंपणाला टेकलेलं आहे, आणि आपण फरशी पुसायच्या औषधाची बाटली आणतो! पण कुठलीही माती चालते असं नाही हं. जिथे लोक उघड्यावर बसतात तिथे अनवाणी पाऊल पडलं तर हुकवर्म कातडीतून आत शिरतो आणि लेकराचं रक्त पितो. गडचिरोलीकडे अशी पांढुरकी, थकलेली पोरं मी पुष्कळ पाहिली. म्हणून पायात चप्पल, नखं कापलेली, जेवायच्या आधी साबण. पावसाळ्यात तनशीत आणि लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही, तिथे साप असतो.

आता वाघ. त्याच्यावरून तू मला गप्प केलंस.

वाघ आहेच की. राज्यातले सर्वांत जास्त वाघ आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. ताडोबा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सगळीकडे तो गावाच्या शेजारी राहतो. पण तो कोणाला गाठतो ते बघ. मोहफुलं वेचायला पहाटे वाकलेली बाई, तेंदूपत्त्याला गेलेला माणूस, गुरांमागे जंगलात शिरलेला गायकी. एकटा, वाकलेला, झुडपांत. बिबट्याची रीत वेगळी. तो कुत्र्या-डुकरांच्या मागे वस्तीत येतो आणि अंधारात एकटं लेकरू दिसलं तर सोडत नाही. आणि हे काय फक्त आमच्या खेड्यात? २०२२ च्या फेब्रुवारीत तुमच्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामगार मारला आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्याने पोरगा नेला. तुकूमपासून दुर्गापूर किती लांब आहे, मला सांगतेस का? त्याच वर्षी मे महिन्यात त्याच दुर्गापुरात एका आईने काठीने हाणून बिबट्याच्या जबड्यातून लेक सोडवली. सगळ्यांनी तिच्या धाडसाचं कौतुक केलं, केलंच पाहिजे. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट राहिली. ती तिथे होती. हाकेच्या अंतरावर, हाताच्या अंतरावर.

मला जे म्हणायचं आहे ते हेच. लेकरांचं अंगण वाघाने नाही घेतलं, आपण मोठ्या माणसांनी ते सोडलं. तुझ्या लहानपणी वाघ नव्हता का? पण संध्याकाळी ओसरीवर आजोबा दोरी वळत बसायचे, बाया अंगणात तांदूळ निवडायच्या, कोणी बाजेवर पडलेलं, कोणी चुलीला लाकडं फोडत. कोणी 'मुलांवर लक्ष' ठेवत नव्हतं. सगळेच बाहेर होते म्हणून वीस डोळे आपोआप पोरांवर असायचे. गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर माझी बदली धानोऱ्याकडे झाली. तिथल्या गोंडांच्या गावांत तर दोन वर्षांचं पोरगं आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, बहीण आजीच्या नजरेत, आजी मोहाखाली. त्या पोरी शाळेत न जाता पन्नास झाडं ओळखायच्या. कोणतं टेंभर पिकलं, चारं कधी पडतात, कोणता कंद खाजरा. डॉ. राणी बंगांचं 'गोईण' वाच, गडचिरोलीच्या बायांचं झाडांशी असलेलं नातं त्यात आहे. ते नातं काही मोठेपणी पुस्तकातून जुळलं नव्हतं.

आता संध्याकाळी सात वाजता आमच्याही गल्लीत बाहेर कोणी नसतं. दारं लावलेली, आत मालिका, हातात मोबाइल. मोकळं अंगण, आजूबाजूला वाढलेलं बेशरमाचं रान, उकिरड्यावर कुत्री. अशा ठिकाणी लेकरू सोडायला मीही सांगणार नाही. मग सगळे म्हणतात वाघ वाढले, पोरांना आत घ्या. अगं, पोरांना आत घेतलं की उरलासुरला मोठा माणूसही आत जातो आणि गल्ली आणखी रिकामी होते. वनखात्याच्या प्राथमिक प्रतिसाद दलाची, म्हणजे पीआरटीची, पोरं बिचारी रात्रभर गस्त घालतात. सकाळ-संध्याकाळ दाराशी बसणं हे काय त्यांनी करायचं?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तर ताराबाईंनी शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. पुढे त्या कोसबाडला गेल्या. तिथली पोरं गुरं चारायला जात, म्हणून शाळा कुरणावर गेली. मोठी माणसं मुलांच्या मागे बाहेर गेली, हे लक्षात घे. आणि आज अंगणवाडी म्हटली की एक खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीला जाळी. मी तपासणीला जायची तेव्हा सेविकांना पहिलं विचारायची, आज पोरं किती वेळ बाहेर होती? त्या रजिस्टर पुढे करायच्या. वजन, आहार, हजेरी, सगळ्याला रकाना होता आणि खेळाला नव्हता. यावरून मी वरिष्ठांशी किती भांडले ते तुला ठाऊक आहे, त्याचं फळ काय मिळालं तेही. जाऊ दे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, तीन-चार वर्षांच्या लेकराने दिवसातून तीन तास तरी हालचाल करावी, त्यातला एक तास चांगली धावपळ. पडद्यासमोर एका तासाहून जास्त नको, त्याहून कमी तर उत्तम. चिंटू पाचाचा झाला, त्याची भूक याहून मोठीच असणार. तुझ्याकडे हे सगळं उलटं आहे.

पण तुला नुसतं बोलून मी मोकळी कशी होऊ? चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला टेकतो. तेव्हा सकाळी सहा ते आठ आणि सूर्य कलल्यावरचा तास, एवढंच हातात राहतं. कोळशाची धूळ आहे, राख आहे. तू सांगतेस की खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर काळं होतं. हिवाळ्याच्या सकाळी धुकं आणि धूर खाली बसलेला असेल त्या दिवशी नको नेऊस, ऊन वर आल्यावर ने. जावईबापूंची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपणार, घरात आवाज नको, म्हणून मोबाइल चिंटूच्या हातात. हे मला कळतं गं. पण त्याच वेळी तू त्याला घेऊन बाहेर पडलीस तर त्यांचीही झोप होईल. बिल्डिंगमधल्या आणखी दोघी-तिघींना धर. रोज आळीपाळीने एक जण बसेल. आणि बसायचं म्हणजे बसायचं, फोन घरी ठेवून. 'पडशील', 'नको', 'उतर' एवढंच ओरडत राहायचं असेल तर मग गॅलरीच बरी.

आणि तू स्वतः शेवटची उन्हात कधी बसलीस? मागच्या खेपेला पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवत होतीस. तुझं वय ते नाही. तुझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. रक्त तपासून घे, हयगय करू नकोस.

दिवाळीचं बोलते. धान निसवलाय, तुम्ही याल तोवर कापणीला येईल, काही बांध्यांत पुंजणेही लागतील. मी सांदवाडीतलं गवत कापून घेतलंय, मागचा दिवा दुरुस्त केलाय, शेजारच्या दोघींना सांगून ठेवलंय की चार वाजल्यापासून माझ्या अंगणात बसायला या, चहा माझा. चिंटू खेळेल, आम्ही म्हाताऱ्या गप्पा मारू, तूही बसशील. एवढ्या माणसांच्या गलक्यात वाघ सहसा येत नाही. घोडाझरीच्या नहराकडे परवा ठसे दिसले म्हणतात. तुला सांगणार नव्हते, पण दुसरीकडून कळलं असतं तर तू माझ्यावरच बिघडली असतीस. तिकडे आम्ही कोणी जात नाही, त्यालाही नेणार नाही.

जावईबापूंना नमस्कार. चिंटूला गोड पापा, आणि चष्म्यात तो कसा दिसतो त्याचा फोटो पाठव.

तुझी,
मोठी आई

ता. क. दुपारच्या गाडीनेच निघ. अंधार पडल्यावर स्टँडवर उतरलीस आणि पोराला घेऊन पायी निघालीस तर माझ्याशी गाठ आहे. ऑटोवाल्याला मी सांगून ठेवते. आणि चिंटूचा हात धर, तो पुढे पळतो.