जास्तीचा पाटा

सरळगावच्या नाक्यावर बाबा म्हणाले, "थांबव जरा."

मला वाटलं पाणी हवंय. त्यांनी दार उघडलं, वरची कांब धरून एकेक पाय खाली टेकवला आणि म्हणाले, "तू हो पुढं, बाय. मी येष्टीनं येतो."

पंचवीस वर्षं ही जीप त्यांनी चालवली. टोकावड्याच्या पुढे आमचं गाव, तिथून कुणाची बाळंतीण, कुणाला साप चावलेला, कुणाची वरात, सगळं हिच्यातून मुरबाडला गेलं. आणि नव्या शॉकअपवरची पहिलीच फेरी त्यांना अर्ध्यात सोडावीशी वाटली. ते शॉकअप मी निवडले होते.

जीप महिंद्राची, एमएम 540, 1994 सालची. चारही चाकांना पाटे, फोर बाय फोरचा वेगळा दांडा. महायुद्धातल्या विलीज जीपच्या खाली जी रचना होती, तीच थोड्याफार फरकाने हिच्याखाली आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मणक्याची गादी सरकली आणि चावी माझ्याकडे आली. दर पंधरा दिवसांनी त्यांना कल्याणला दाखवायला न्यायचं. जुन्या शॉकअपमधून तेल गळून त्यावर धुळीची पुटं चढली होती. खड्ड्यातून निघाल्यावर गाडी तीन-चारदा डुलायची, बाबा डोळे मिटून घ्यायचे.

मग मी ठाण्याच्या खोलीवर रात्री व्हिडिओ बघायला लागले. वाळवंटात उडणाऱ्या गाड्या, हळू करून दाखवलेली चाकं, लाल रबरी टोप्या घातलेले जाडजूड गॅसचे शॉकअप. आठवडाभरात मला सगळं कळतंय असं वाटायला लागलं. (ही अवस्था तुम्हालाही माहीत असेल.) दुकानदाराने गाडीचं नाव तेवढं विचारलं, मीही त्याला काही विचारलं नाही. सगळ्यांत महाग ते चांगलं, वडिलांच्या पाठीचा प्रश्न आहे, पैसे कशाला बघायचे? महिन्याचा पगार गेला.

येष्टीने गेलेले बाबा त्या दिवशी कल्याणला माझ्याआधी पोचले. त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही.

किन्हवलीच्या आत्याने शहापूरच्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. आसनगावच्या बाजूला, हायवेला लागून पत्र्याची शेड. पुढच्या रविवारी आम्ही गेलो, मागच्या बाकावर गादी टाकून बाबांना आडवं केलं. मिस्त्रीने गाडीखाली बघितलंच नाही. म्हणाला, "ताई, आलात त्या रस्त्याने दोन किलोमीटर परत जाऊन या. जोरात नको, खड्डे चुकवू नका." बाबांना त्याने खुर्ची दिली.

परत आल्यावर त्याने मला वाकायला लावलं. "हात लावा शॉकअपला. चारही."

पुढचे जेमतेम कोमट होते. मागचे गार.

"खराब निघाले?" मी विचारलं.

"नवे आहेत हो. पण हललेच नाहीत."

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, हे मला तिथे कळलं. वजन पाट्यांवर असतं. खड्डा आला की पाटा दबतो आणि मग उसळतो, ती उसळी शॉकअप मारतो. आतल्या नळीत तेल असतं, दट्ट्या त्या तेलातून वरखाली होतो, तेल बारीक भोकांतून जबरदस्तीने जातं आणि धक्क्याची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावरून आलेला शॉकअप गरम लागायला हवा. गळून गेलेला गार लागतो, कारण आत दाबायला तेल नसतं. आमचे गार होते, कारण चाकाला वरखाली व्हायला कुणी सोडतच नव्हतं. दट्ट्या जितक्या झटक्याने हलेल तितका शॉकअप अडतो, आणि खड्ड्याची कड ताशी वीसच्या वेगातही झटकाच देते. मी आणलेले होते जड टायरच्या, सामानाने भरलेल्या, उंच केलेल्या गाडीसाठी. आमची जीप रिकामी, आत दोन माणसं.

"मग धक्का खातंय कोण?" मिस्त्री म्हणाला, आणि खुर्चीकडे बघणार होता तो थांबला.

मग तो खाली सरपटत गेला आणि मागचे पाटे मोजले. एक जास्तीचा निघाला.

तो मला माहीत होता. 2003 साली घर बांधताना बाबांनी बसवला होता. भट्टीवरच्या विटा, रेती, सिमेंट, नंतर दर वर्षी गिरणीवर जाणारी भाताची पोती. "आपली जीप बसत नाय" असं ते कौतुकाने सांगायचे, ते त्या पाट्याच्या जोरावर. मिस्त्री म्हणाला, तो काढा, उरलेल्या पाट्यांमधला गंज साफ करून काळं ऑइल मारू, कंपनीच्या मापाचे साधे शॉकअप टाकू, आणि टायरची हवा कमी करा, रिकाम्या गाडीत पस्तीस कशाला?

बाबा म्हणाले, "पाटा राहू दे. उद्या काय भरायचं झालं तर?"

गेल्या दोन वर्षांत त्या जीपमध्ये माझी बॅग आणि त्यांच्या एक्स-रेची पिशवी यापलीकडे काही भरलेलं नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, मिस्त्रीलाही एव्हाना कळलं असावं. मी लाल टोप्यांकडे बघत राहिले. त्यांच्यामागे गेलेला पगार परत येणार नव्हता, आणि तरी त्या क्षणी मला वाटलं, हेच शॉकअप ठेवू, पण पाट्याचं कुणी बोलू नका.

चहा आला. बाबांनी बशीत ओतून प्यायला. बशी खाली ठेवली आणि मिस्त्रीला म्हणाले, "काढ."

गॅब्रिएल ही कंपनी 1961 पासून भारतात शॉकअप बनवते. गावाकडे कित्येकांना शॉकअपचं तेवढं एकच नाव माहीत आहे. त्यांचाच साधा जोड शहापुरात त्याच दिवशी मिळाला, लालबिल काही नाही, काळा. बसवण्याआधी शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा असतो, पडून राहिल्यावर तेलात शिरलेली हवा निघून जाते. मिस्त्रीचा पोरगा ते करायला आला तर बाबांनी त्याच्या हातून घेतला. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी चारही शॉकअप दाबून झाले होते. कपाळावर घाम होता.

परतीला ते पुढे बसले. गाडी मऊ झाली असं नाही म्हणणार मी, पाट्यांची जीप ती पाट्यांचीच. पण खड्डा एकदाच लागत होता आणि तिथेच संपत होता. सरळगावचा नाका आला तेव्हा मी न विचारता वेग कमी केला. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. "चल की," म्हणाले.

काढलेला पाटा त्यांनी पायापाशी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी गावच्या लोहाराकडे घेऊन गेले. गाडीच्या पाट्याचं पोलाद कोयत्याला चांगलं. दोन कोयते झाले. एक आत्याला दिला. दुसऱ्याने यंदा आई राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतेय, आणि बाबा बांधावर खाटेवर बसून धार कशी लावायची ते तिला सांगतात, जे तिला त्यांच्याआधीपासून येतं.