लिहू न देणाऱ्या फिती

वाचणे आणि लिहिणे या दोन क्रिया साहित्याच्या वर्गात आपण इतक्या सहज एका दमात उच्चारतो की, जे वाचता येते त्यावर लिहिताही येईल असे आपण गृहीत धरतो. यंत्र तसे धरत नाही. जी फीत ते बिनतक्रार वाचते, तिच्यावर एक अक्षरही उमटवायला ते नकार देऊ शकते. कंधारला आमच्या विभागाच्या कामात हा अनुभव आला.

कंधार परिसरातील बायकांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आमच्याकडे एका हार्ड डिस्कवर होते. गाणाऱ्यांपैकी काही जणी आज हयात नाहीत. त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. डिस्क कधी दगा देईल हे सांगता येत नाही, म्हणून एक प्रत चुंबकीय फितीवर ठेवावी असे ठरले. एका संस्थेने वापरून बाजूला ठेवलेल्या एलटीओ प्रकारच्या फितींची पेटी मिळाली. त्यांवर जुन्या हिशेबांच्या प्रती होत्या. त्या पुसण्यास संस्थेची संमती होती. ड्राइव्ह मात्र फितींहून नवा, पाचव्या पिढीचा होता.

पेटीतल्या काही फिती तिसऱ्या पिढीच्या निघाल्या. ड्राइव्हने त्या वाचल्या, पण लिहायला घेतल्या नाहीत. हा बिघाड नव्हता, नियम होता. सातव्या पिढीपर्यंतचे एलटीओ ड्राइव्ह दोन पिढ्या मागचे वाचतात, पण एकच पिढी मागच्या फितीवर लिहितात. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीने वाचनाची ही सवलतही एका पिढीवर आणली. नातवाला आजोबांचे पत्र वाचता येते, पण आजोबांच्या हस्ताक्षरात लिहिता येत नाही, तसेच हे.

खरा प्रश्न चौथ्या पिढीच्या फितींचा होता. त्यांवर लिहिता यायला हवे होते. काहींवर लिहिले गेले. काही मात्र मध्येच अडल्या आणि लेखनदोषाचा संदेश आला. अशा वेळी दोष फितीचा की यंत्राचा, हे आधी ठरवावे लागते. फितीच्या कडेची लेखनबंदीची खिट्टी पाहिली. ती उघडी होती. सफाईची फीत फिरवून ड्राइव्हचे शीर्ष स्वच्छ केले. मग एक कोरी फीत घातली. ती अखेरपर्यंत बिनचूक लिहिली गेली. जुन्या फिती पुन्हा घातल्या, तर त्याच फिती पुन्हा अडल्या. नवी चालते आणि जुन्यांपैकी ठराविकच अडतात, म्हणजे दोष फितींत आहे. सगळ्याच अडल्या असत्या तर संशय यंत्रावर गेला असता. फिती चुंबकाने साफ पुसून पाहाव्यात, असा सल्ला कोणीतरी दिला. तो मानला असता तर त्या कायमच्या निकामी झाल्या असत्या. कारण शीर्षाला वाट दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच फितीवर उमटवलेल्या असतात, आणि त्या पुसल्या की ड्राइव्हला पुन्हा काढता येत नाहीत.

पण ज्या फितीवर लिहिता येत नाही, ती वाचता कशी येते? वाचताना ड्राइव्ह गहाळ झालेली अक्षरे दुरुस्तीच्या जादा खुणांवरून भरून काढतो. आपण वाळवी लागलेली पोथी वाचतो, तसा. लिहिताना मात्र तो लिहिलेले लगेच वाचून पाहतो. नीट उमटले नसेल तर तोच मजकूर पुढे पुन्हा लिहितो, आणि असे वारंवार घडले की थांबतो. वाचन क्षमाशील असते. लेखन नसते, आणि नसावे. उद्या जे वाचता येणार नाही ते आज लिहून घ्यायचे नाही, हा त्या यंत्राचा प्रामाणिकपणा आहे.

पुनर्वापराची रीत आपल्याला परकी नाही. कंधारच्या किल्ल्यात हिंडताना आधीच्या वास्तूंचे कोरीव दगड नंतरच्या बांधकामात बसवलेले दिसतात. त्यांचे जुने नक्षीकाम अजून बोलते. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील प्रत खरवडून १२२९ साली तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या, तरी खालचा मजकूर १९०६ साली ओळखला गेला. चुंबकीय फीत अशी दया दाखवत नाही. अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ साली जाहीर केला. त्या फितींवरचे मूळ चित्रण कोणालाही परत मिळाले नाही.

म्हणून आम्ही निर्णय घेतला, तो असा. जुन्यांपैकी ज्या फितींनी लिहू दिले, त्यांवरही ओव्या ठेवायच्या नाहीत. त्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी. वर्गणी काढून दोन कोऱ्या फिती घेतल्या, दोन्ही लिहून परत वाचून पाहिल्या, आणि एक कंधारबाहेर ठेवली. लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि पुढे हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या काळी दुसरी प्रत माणसात होती. ओव्याही अशाच माणसात होत्या. आईकडून लेकीकडे जात होत्या. जाते थांबले, तशी ती प्रतही थांबली. फितीने नकार दिला तेव्हा चिडचीड झाली खरी. पण तो नकार आला नसता, तर त्या आवाजांची एकुलती दुसरी प्रत आम्ही झिजलेल्या फितीच्या भरवशावर ठेवून निश्चिंत झालो असतो.