खाडीखालची चालकविरहित गाडी

दुबईच्या देइरा भागातील सोनेबाजारातून पलीकडच्या बर दुबईस जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक पाण्यावरची : ‘अब्रा’ ही लाकडी नाव, एक दिरहम भाडे आणि सुकाणूशी नावाडी. दुसरी पाण्याखालची : अल रास स्थानकातून सुटणारी मेट्रो, जिच्यात चालकच नाही. ही मेट्रो २००९ साली सुरू झाली. खाडीखालची हरित मार्गिका २०११ मध्ये. पुढच्या काचेतून बोगदा पाहण्याचे कौतुक मुलांना अजूनही आहे.

हिवाळ्यात तेथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरास वेळेवर येणारी गाडी ही केवळ सोय नव्हे.

पण मेट्रो स्थानकापर्यंतच पोहोचविते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना तेथून घरापर्यंतची दहा मिनिटे वृद्धांना जड जातात. २०३० पर्यंत एकचतुर्थांश प्रवास चालकविरहित करण्याचा दुबईचा संकल्प या टप्प्यावर कसाला लागेल. मेट्रोचा रूळ तिच्या एकटीचा. रस्त्यावर हातगाड्या, पादचारी, सारेच. शिवाय प्रत्येकाने स्वतंत्र गाडी बोलावली, तर गर्दी तेवढीच राहणार. चार घरांचे प्रवासी एकत्र नेणारी छोटी बस मात्र खरोखर उपयोगी ठरेल.

आज हे काम टॅक्सीवाले करतात. त्यांच्यातील कित्येक केरळचे, कित्येक पेशावरकडचे. आजींची पिशवी उचलून दारापर्यंत नेण्याचे भाडे मीटरवर कधीच उमटत नाही.