काचेवरची पत्रं

प्रिंटर घेतला तो लेकीच्या शाळेसाठी. रात्री नऊला प्रोजेक्टचा निरोप यायचा आणि तोवर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद. छपाई, झेरॉक्स, स्कॅन असं तिन्ही करणारं यंत्र आणलं. वर्षभर वापरल्यावर माझं मत झालंय, की यातलं सगळ्यात मोलाचं काम स्कॅनरचं.

*

मे महिन्यात गावाहून परतलो तर छापलेली झाडं निळी. पिवळी शाई उमटतच नव्हती. नोझल चेकचं पान काढलं. इतर रंगांच्या बारीक रेघा सलग होत्या, पिवळ्याच्या जागी नुसता कागद. तीनदा हेड क्लिनिंग केलं. त्यात शाई जाते आणि ती यंत्राच्या पोटातल्या स्पंजात मुरते, म्हणून ते सारखं करू नये. रात्रभर थांबलो, सकाळी पिवळ्या रेघा आल्या. आता दर रविवारी एक रंगीत पान काढतो.

आणखी एक. यंत्र त्याच्याच बटणाने बंद करावं, मग हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. थेट भिंतीवरचा स्विच बंद केला तर ते कधी कधी उघडंच राहतं आणि शाई वाळते. आमच्याकडे हेच होत असणार.

*

७५ जीएसएमच्या ए-४ कागदाची ५०० पानांची रीम साधारण २.३ किलो भरते. पावसाळ्यात ती उघडी ठेवली की पानं दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि एकदम दोन-दोन आत ओढली जातात. रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची, लागतील तेवढीच पानं बाहेर.

*

आधारची प्रत घरीच निघते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुकानातल्या संगणकावर आपली फाइल मागे राहत नाही.

*

बाबांच्या ट्रंकेत आजीची आंतर्देशीय पत्रं निघाली. बाबा पुण्याला शिकायला होते तेव्हाची, १९७१ पासूनची. घड्यांवर फाटायला आलेली, निळी शाई फिकटलेली. एकेक पत्र काचेवर ठेवत गेलो. कागद पातळ, मागची अक्षरं पुढे दिसायची. पत्रामागे काळा कागद ठेवला आणि मागचा मजकूर जवळजवळ नाहीसा झाला. स्कॅन रंगीतच केलं. काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई पिवळ्या कागदात हरवते. पत्रांना ३०० डीपीआय पुरे, लहान फोटोंना ६००, म्हणजे पुढे मोठे करून छापता येतात.

एका पत्राच्या कडेला, जागा संपली म्हणून आडवं लिहिलेलं होतं. ट्रंकेपाशी बसून ते मला लागलं नव्हतं. पडद्यावर मोठं केलं तेव्हा लागलं: ताईला डिंकाचे लाडू पाठवलेत, तू काळजी करू नकोस.

ताई म्हणजे माझी आत्या. ते पान तिला नाशिकला पाठवलं. रात्री फोन आला. “अरे, माझ्या पहिल्या बाळंतपणातले रे ते लाडू!” आणि मग बराच वेळ ती आजीबद्दल बोलत राहिली.

*

तुमच्याही घरात, माळ्यावर नाहीतर कपाटाच्या तळाशी, अशी पत्रं असतील. पुढचा पाऊस लागायच्या आत ती काढा. फाइलला वर्ष आणि लिहिणाऱ्याचं नाव द्या, आणि एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा.