फटीला नाव हवे

सीमाभागातील बोलीचे शब्द आम्ही गेली काही वर्षे एका लहानशा संकेतस्थळावर गोळा करीत आहोत. वाचक शब्द पाठवतात, आम्ही ते यादीत घालतो. पाठवणाऱ्यांपैकी काही वडीलधारी माणसे आज हयात नाहीत. त्यांचे शब्द तेवढे तेथे उरले आहेत. गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या एका वाचकाने कळवले की यादी उघडताच भलतेच पान समोर येते. शब्दांची राखण करणाऱ्या आम्हांला दाराला कडी आहे की नाही, हे पाहण्याचे कधी सुचले नव्हते.

पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणारा आमचा भाचा गणपतीला घरी आला तेव्हा त्याने पाहणी केली. "मामा, तुमचं जेक्वेरी फार जुनं आहे, १.१२.४. २०१६ सालचं!" जेक्वेरी म्हणजे संकेतस्थळाच्या पानांत हालचाल आणणारा, कोणालाही फुकट वापरता येणारा तयार संच. या आवृत्तीत कोणते दोष आहेत, असे त्याने आपल्या एआय सहायकाला विचारले. सहायकाने क्षणात एक क्रमांक सांगितला, तोही मोठ्या आत्मविश्वासाने. पडताळून पाहिले तर तो क्रमांक दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरचा निघाला. भाचा हसून म्हणाला, "आठवणीवर बोलतोय तो. आता त्याला दप्तर उघडायला लावू."

हे दप्तर काय आहे, ते वाचकांना सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर २०१४ पासून आमचे बेळगाव सरकारी कागदांत 'बेळगावी' झाले. तेव्हापासून एका नावाने शोधले की दुसऱ्या नावाचा कागद हाती लागत नाही, हा अनुभव आपणांस नवा नाही. सॉफ्टवेअरच्या दोषांचेही पूर्वी असेच होते. एकाच दोषाला प्रत्येक तपासनीस वेगळे नाव देई. म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेतील मायटर या संस्थेने 'सीव्हीई' ही सामाईक यादी सुरू केली. उघड झालेल्या दोषाला एक क्रमांक मिळतो आणि जगभर तो त्याच क्रमांकाने ओळखला जातो.

सहायकाला आता अशा नोंदी शोधण्याचे साधन जोडले गेले. संचाचे नाव, तो कोणत्या भांडारातला आणि आवृत्ती कोणती, एवढे तीन तपशील त्याने दप्तराकडे पाठवले आणि नोंदी जशाच्या तशा परत आल्या. त्यांत सीव्हीई-२०२०-११०२३ होती. परक्याकडून आलेला मजकूर गाळून घेतला तरी त्यात दडवलेली आज्ञा वाचणाऱ्याच्या संगणकावर चालू शकते, असा हा दोष. आम्ही तर वाचकांचाच मजकूर छापत होतो! एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ३.५.० या आवृत्तीत तो दुरुस्त झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने प्रत्यक्ष गैरवापर झालेल्या दोषांच्या यादीतही त्याला घातले. आमच्याकडील घुसखोरी याच वाटेने झाली, हे मात्र सिद्ध करता आले नाही. फट आहे एवढेच नोंद सांगते. तिच्यातून कोण आले, ते सांगत नाही.

दोन शब्द त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत आहेत. अशा सहायकाला 'एजंट' म्हणतात. आपल्याला एजंट म्हटले की विम्याचा किंवा आरटीओ कचेरीबाहेरचा माणूस आठवतो. आमच्या मते येथे 'मुखत्यार' हा शब्द शोभतो, कारण मुखत्याराचे अधिकार कागदावर लिहून दिलेले असतात. भाच्याने सहायकाला नोंदी वाचण्याची मुभा दिली, संकेतस्थळात फेरफार करण्याची दिली नाही. नोंद परक्याने लिहिलेली असते. तिच्यातील वाक्याला मुखत्याराने मालकाची आज्ञा समजू नये, यासाठी ही मर्यादा. कुलमुखत्यारपत्र कोणी सहजासहजी लिहून देत नाही, ही आपली जुनी समज येथेही उपयोगी पडावी.

दुसरा शब्द दोषाचा. शासकीय वळणाचा 'भेद्यता' हा शब्द अचूक आहे, पण तो ऐकून कोणी उठून दार तपासत नाही. आम्हांला हिरकणीची आख्यायिका आठवते. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती ज्या कड्यावरून उतरली, तो कडा ही गडाची फट होती. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला, तेथे बुरूज बांधला आणि त्याला तिचेच नाव दिले. दोष दाखवणाऱ्याचा आदर, दोषाची दुरुस्ती आणि कायमची नोंद, हे सारे या एका कथेत आहे. म्हणून आम्ही 'फट' हाच साधा शब्द वापरणार आहोत.

नवी आवृत्ती बसवली, यादी पूर्ववत झाली. खानापूरच्या त्या वाचकाचे आभार यादीच्या माथ्यावरच छापले आहेत. आपल्यापैकी इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे जे मराठी मंडळांची संकेतस्थळे सांभाळतात, त्यांना विनंती एवढीच, की आपल्या संचाची आवृत्ती आजच पाहावी. मुखत्याराला जरूर विचारावे, मराठीतूनच विचारावे. पण त्याच्या आठवणीवर विसंबू नये, दप्तरातील क्रमांक मागून घ्यावा.